अपघाताला तारीख असते, आजाराला नसते

कामावर हात मशीनमध्ये गेला तर भरपाईचं काम त्यातल्या त्यात सोपं जातं, आणि हे मी जखमेला कमी लेखून म्हणत नाहीये. सोपं अशासाठी की तारीख असते, वेळ असते, शेजारी उभे असलेले दोघं-तिघं असतात, रजिस्टरमध्ये नोंद असते. पण तोच माणूस वीस वर्षं दगडाची धूळ छातीत घेऊन आजारी पडला की त्याला विचारतात, हे कामामुळेच झालं कशावरून? युनियनमध्ये लोकांचे क्लेमचे कागद भरायला मी मदत करते, आणि मला सगळ्यात जास्त राग याच प्रश्नाचा येतो.

आधी एक गोष्ट, कारण बऱ्याच जणांना अजून वाटतं की मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय पैसे मिळतच नाहीत. पूर्वी तसंच होतं. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रीस्टली विरुद्ध फाउलर ही केस झाली, खाटकाकडे कामाला असलेला नोकर जास्त माल भरलेल्या गाडीमुळे जखमी झाला, मांडीचं हाड मोडलं, आणि निकाल शेवटी मालकाच्या बाजूने गेला. पुढे कितीतरी वर्षं मालकांकडे तीन उत्तरं तयारच असायची: चूक तुझीच होती, नाहीतर तुझ्या सोबतच्या कामगाराची होती, नाहीतर काम धोक्याचं आहे हे माहीत असून तू ते घेतलंस. हे बदललं ते जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्कच्या काळात, १८८४ च्या अपघात विमा कायद्याने. मालकांनी वर्गणी भरायची, त्या फंडातून जखमी कामगाराला पैसे द्यायचे, चूक कोणाची हे बघायचंच नाही. ब्रिटनमध्ये १८९७ ला आपल्या पद्धतीने तसाच कायदा आला. आजच्या बऱ्याच देशांतल्या योजना याच वळणावर आहेत, फक्त त्या बदल्यात बऱ्याच ठिकाणी कामगाराला मालकावर वेगळा दावा लावता येत नाही. न्यूझीलंड तर १९७४ पासून अजून पुढे गेलं, तिथे अपघात कामावर झाला की रस्त्यावर की घरी, सगळ्याला एकच योजना.

म्हणजे प्रश्न चूक कोणाची हा नसतो. प्रश्न असतो की इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का. हे एकदा मान्य झालं की उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या काळातला पगाराचा काही भाग, कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याची रक्कम, आणि माणूस गेला तर मागच्यांना पैसे. पूर्ण पगार सहसा मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात बायको आणि दोन मुलं असलेला कामगार नमुना म्हणून धरलाय आणि त्याच्यासाठी किमान ६० टक्के सांगितलेत.

आता टक्के कशाचे? पगाराचे. कुठल्या पगाराचे? जो कागदावर आहे त्या. इथे माणसं फार मार खातात. अर्धा पगार हातात रोख, ओव्हरटाइम वहीत नाही, ठेकेदार बदलला की स्लिप नाही, आणि मग हिशोब होतो तो त्या कागदावरच्या छोट्या आकड्यावर, तोच आकडा उपचार चालू असताना आणि तोच पुढे आयुष्यभरासाठी. म्हणून मी भेटेल त्याला सांगते की पगाराचा पुरावा तब्येत धडधाकट असताना जमवा, दवाखान्यात पडल्यावर तो कोणी आणून देत नाही.

मग अपंगत्वाची टक्केवारी. डॉक्टर सांगतात की आता याहून जास्त सुधारणा होणार नाही, तिथे तात्पुरते पैसे बंद होतात आणि कायमचं किती गेलं ते मोजलं जातं. काही ठिकाणी तक्ताच असतो, अंगठ्याला इतकं, तर्जनीला इतकं. काही ठिकाणी शरीर किती निकामी झालं ते बघतात, काही ठिकाणी कमाई किती बुडाली ते. या दोन्हींत खूप अंतर आहे, एकाच बोटामुळे शिवणकाम करणारीचं काम कायमचं सुटू शकतं आणि ऑफिसमध्ये बसणाऱ्याचं चालू राहतं. मला कमाई बघणारी पद्धत जास्त न्यायाची वाटते, भांडणं तिच्यात जास्त होतात तरी.

आणि हो, बऱ्याच योजनांमध्ये अपघात वाढले की मालकाचा प्रीमियम वाढतो. हेतू चांगला आहे, मालकाने काळजी घ्यावी. पण त्यातूनच ते होतं की सुपरवायझर म्हणतो, घरी पडलो असं सांग, खर्च आम्ही बघतो. असं सांगू नका. पहिल्या दिवशी केसपेपरवर जे लिहिलं जातं ते पुढे पुसता येत नाही.

आजाराचं मात्र सगळंच वेगळं. ब्रिटनने १९०६ ला कायद्यात सहा आजारांची यादी घातली, १९२५ च्या आंतरराष्ट्रीय करारात तर तीनच होते: शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा आणि अँथ्रॅक्स. यादीचा फायदा हा की तुमचा आजार आणि तुमचं काम दोन्ही तिच्यात जुळलं तर तो कामामुळेच झाला असं सहसा धरून चालतात. यादीबाहेर असाल तर सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. याद्या वाढल्यात, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१० च्या यादीत मानसिक आजारही आले, पण पाठदुखी घेऊन जा, लगेच वय विचारतात, वजन विचारतात, घरी काय उचलता ते विचारतात.

ॲस्बेस्टॉस या तंतूंच्या खनिजामुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात, तोवर कंपनी बंद, मालक बदललेला, सोबतचे पांगलेले. ब्रिटनमध्ये फेअरचाइल्ड केसमध्ये नेमकं हेच झालं, माणसांनी एकापेक्षा जास्त मालकांकडे काम केलेलं, कोणाकडच्या तंतूंनी कॅन्सर झाला हे विज्ञान सांगू शकत नव्हतं, आणि खालची कोर्टं म्हणाली की मग कोणीच जबाबदार नाही. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, ते फिरवलं, ज्यांनी ज्यांनी धोका वाढवला त्यांना जबाबदार धरलं. हा कोर्टातला निष्काळजीपणाचा दावा होता, फंडातला क्लेम नव्हे, पण विचार मला तिथेही हवाय: उत्तर मिळत नाही याचा तोटा आजारी माणसाने का सोसावा?

इटलीचे डॉक्टर रामाझिनी १७०० च्या सुमाराला सांगून गेलेत की पेशंटला त्याचा धंदा विचारा. अजूनही कित्येक केसपेपरवर ती ओळ रिकामी असते. डॉक्टरांनी नाही विचारलं तर आपणच सांगायचं, कुठलं काम, किती वर्षं, कसली धूळ, कुठलं केमिकल, आणि ते लिहायला लावायचं. काही ठिकाणी क्लेमची मुदत निदान झाल्यापासून मोजतात, तेव्हा निदानाचा कागद त्याच दिवशी मागून घ्या.

शेवटी तडजोडीबद्दल. एकरकमी चेक पुढे आला की घरात अडचण असते, सही पटकन होते. सहीच्या आधी एवढं शोधा की त्या कागदात पुढचा उपचारखर्च बंद होतोय का आणि आजार वाढला तर केस परत उघडता येते का. धुळीच्या आजारांत काम सोडल्यावरही फुफ्फुसं बिघडत जाऊ शकतात, त्यामुळे त्या माणसाला महिन्याला येणारी पेन्शन आणि चालू राहणारा उपचार मी नेहमी आधी मागायला सांगते, रक्कम कितीही मोठी दिसली तरी.