गेन वाढवला की गांधार चढतो

पुण्यात इलेक्ट्रिक गिटारचे क्लास घेतो, बरीच वर्षं झाली, आणि डबल स्टॉप्स हा माझा सगळ्यात आवडता धडा, कारण एकेक नोटची लीड वाजवणारं पोरगं दोन तारा एकदम वाजवायला शिकलं की बँडमध्ये दुसरा गिटारवाला नसला तरी त्याचं वाजवणं भरलेलं वाटतं. पण मागच्या पावसाळ्यात एका मुलीने हा धडा जसा ऐकला तसा माझ्या क्लासमध्ये कोणीच ऐकला नव्हता.

मुलगी इंजिनिअरिंगला, लहानपणापासून शास्त्रीय गाणं, घरी तानपुऱ्यावर रियाज. गिटार नवीनच होती तिला. सुरुवात मी रॉक अँड रोलवाल्या चक बेरीच्या स्टाइलने करतो, पहिली आणि दुसरी तार एकाच बोटाने एकाच फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्टीपाशी) दाबायची, सहाव्या फ्रेटला खाली एफ मिळतो वर बी फ्लॅट. ती लगेच म्हणाली, "सर, हे प आणि वरचा सा." एकदम बरोबर. बेरीसोबत पियानोला जॉनी जॉन्सन असायचा, आणि पियानोवर दोन-दोन सूर एकदम वाजवणं रोजचंच, तेच बेरीच्या गिटारमध्ये उतरलंय असं माझं ठाम मत आहे. आवाज फाटवणारं डिस्टॉर्शन पेडल ऑन केलं तरी प-सा खणखणीत वाजतात.

मग घेतली तिसरी आणि दुसरी तार, पाचवा फ्रेट, सी आणि ई. शेजारच्या बाकी सगळ्या तारांमध्ये सा-म चं अंतर असतं, फक्त या दोघींमध्ये सा-ग चं. तिने वाजवलं, थांबली, परत वाजवलं आणि म्हणाली, "सर, गांधार चढलाय." ट्यूनर लावला, दोन्ही तारा अचूक. "ट्यूनर बरोबर असेल सर, पण गांधार चढलाय."

आणि खरंच चढलेला असतो! अर्ध्या सुराचे १०० भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर फ्रेटवरचा गांधार सा पासून ४०० सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार साधारण ३८६ वर. क्लीन टोनला हे १४ सेंट सहसा कोणाला जाणवत नाहीत. पण गेन, म्हणजे आवाज किती फाटवायचा ते, वाढवला की अँप दोन सुरांमधून तिसराच सूर तयार करतो, दोघांच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाचा. इथे ई (ग) ३२९.६ हर्ट्झ, सी (सा) २६१.६, फरक ६८. दोन सप्तकं खालचा सी ६५.४ ला असतो, म्हणजे खाली जे गुरगुरतं ते धड सा पण नाही आणि कोमल रे पण नाही. प-सा मध्ये फ्रेटवरचं अंतर आणि नैसर्गिक अंतर यांत फरक जेमतेम २ सेंट, म्हणून ते स्वच्छ.

दाबलेली नोट उतरवता येत नाही, मग सा चढवायचा. तिला म्हटलं, तिसऱ्या तारेवर मधलं बोट, दुसरीवर अनामिका, आणि मधल्या बोटाने तार किंचित छताकडे ढकल, बेंड (तार ओढून सूर चढवणं) वाटेल इतकी नाही. तिने डोळे मिटून ढकलली आणि एका क्षणी ती गुरगुर गेली, खालून जाड, स्थिर सा उभा राहिला, जो कोणीच वाजवत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, "सर, तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार निघतो, इथे सा-ग लागले की खर्ज निघतो." इतकं नेमकं मला सुचलं नसतं, आता प्रत्येक बॅचला हेच वाक्य सांगतो, तिचं म्हणून सांगतो.

बँडमध्ये मात्र जपून, कारण बेसवाला सी धरून बसला असेल तर तुमचा चढवलेला सा त्याच्याशी भांडेल. तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घ्यायचा, गेन आपोआप कमी होतो आणि बोट जागेवर ठेवून चालतं. तिने फिरोदियाच्या, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या, तालमीत हेच केलं, आणि बेस थांबतो त्या जागांवर मात्र तार ढकलून वाजवलं.

पुढच्या क्लासला सिक्स्थ, म्हणजे सा-ध सारख्या अंतराच्या जोड्या घेतल्या, तिसरी आणि पहिली तार, मधली बोटाच्या कडेने म्यूट, मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड कंपनीत गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर वाजवायचा तशा. तिने विचारलं, "सा-ध घेतला तर धैवतही चढणार ना?" म्हटलं हो, १६ सेंट, म्हणून आधी क्लीन टोनवर घेऊ. तर म्हणाली, "क्लीनवर पण ऐकू येईल सर मला," आणि आलंच.