४.०५ मायक्रोमीटरजवळचा उंचवटा

ऑगस्ट २०२२ च्या सुरुवातीला, पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात असताना, वॅस्प-३९बी या बाह्यग्रहाच्या, म्हणजे सूर्याऐवजी दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या, वर्णपटातला एक उंचवटा मी जवळजवळ पुसून टाकला होता. सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरचा हा ग्रह वस्तुमानाने शनीएवढा, पण फुगून गुरूपेक्षाही मोठा झालेला आहे आणि जेमतेम चार दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फिरतो. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. मात्र ज्या तरंगलांबीला ग्रहाच्या वातावरणातला एखादा वायू प्रकाश शोषतो, तिथे ही घट किंचित वाढते आणि तरंगलांबीनुसार घट दाखवणाऱ्या आलेखात, म्हणजे वर्णपटात, उंचवटा दिसतो. आमचे सारे काम या ‘किंचित’वर चालते.

जेम्स वेब दुर्बिणीने ३० जुलैला घेतलेली निरीक्षणे सर्वांसाठी खुली होती. त्यांवरून मी काढलेल्या वर्णपटात ४.३ मायक्रोमीटरला कार्बन डायऑक्साइडचा शिखरासारखा ठळक उंचवटा होता, आणि त्याच्या अलीकडे, ४.०५ च्या आसपास, आणखी एक लहान उंचवटा. माझ्या प्रारूपातला, म्हणजे वातावरणाच्या गणिती नमुन्यातला, कोणताही वायू तिथे बसत नव्हता. शिवाय अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे, चालू असतानाच दुर्बिणीच्या अठरा आरशांपैकी एक किंचित कलला होता, त्यामुळे दोष त्याचाच असणार असे मी ठरवून टाकले.

मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, “ते बिंदू वगळायचे असतील तर वगळ, पण का वगळलेस ते आधी वहीत लिही.”

मला ते लिहिता येईना. आरसा कलल्याचा परिणाम एकाच तरंगलांबीभोवती का साठावा, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मग मी त्याच ग्रहाचे १० जुलैचे, दुर्बिणीच्या वेगळ्या पद्धतीने घेतलेले निरीक्षण पहिल्यापासून तपासले. त्या दिवशीचे अधिक्रमण निराळे, उपकरणातला प्रकाशाचा मार्ग निराळा. पहाटे चारच्या सुमारास वर्णपट उभा राहिला, आणि उंचवटा त्याच जागी होता. मी बराच वेळ नुसती त्याच्याकडे पाहत बसले.

पुढे कार्बन डायऑक्साइडच्या शोधनिबंधात संशोधकांच्या मोठ्या गटाने हा उंचवटा उलगडा न झालेला म्हणून नोंदवला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे नाव जाहीर झाले: सल्फर डायऑक्साइड. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू तुटतात आणि त्या तुकड्यांशी होणाऱ्या अभिक्रियांतून हायड्रोजन सल्फाइडमधल्या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते. बाह्यग्रहाच्या वातावरणात प्रकाशरसायन, म्हणजे प्रकाशामुळे सुरू होणाऱ्या रासायनिक अभिक्रिया, घडत असल्याचा हा पहिला स्पष्ट पुरावा ठरला. माझ्या प्रारूपात तो वायू नव्हता, कारण नुसत्या उष्णतेच्या समतोलात तो तिथे इतका असायलाच नको होता.

वहीतले ते पान अजून अर्धे कोरे आहे. वर फक्त ‘वगळण्याचे कारण’ एवढेच लिहिलेले आहे.