लहानपणी पाहिलेलं, मोठेपणी मानलेलं

घर श्रद्धाळू असलं की मूल श्रद्धाळू होतं आणि घर नास्तिक असलं की मूल नास्तिक, असं सरसकट बोललं जातं. यातला दुसरा भाग बराच खरा आहे, पहिला निम्माच. संशोधक डेव्हिड व्होआस आणि अलास्डेर क्रॉकेट यांनी ब्रिटनमधल्या कुटुंबांची माहिती तपासून २००५ मध्ये जे मांडलं ते असं: आई-वडील दोघंही धार्मिक असतील तर मुलांपर्यंत धर्म पोहोचण्याची शक्यता साधारण निम्मी. एकच पालक धार्मिक असेल तर त्याच्याही निम्मी. दोघंही धार्मिक नसतील तर मुलंही बहुतेक तशीच राहतात. सगळ्या समाजांना हे आकडे लागू होणार नाहीत. जिथे शेजारपाजार, शाळा आणि सणवार सगळं एकाच धर्माभोवती फिरतं तिथे ही गळती कमी असते. पण एक प्रश्न उरतोच. घरात धर्म असूनही तो काहींच्या आत उतरतो आणि काहींच्या अंगाला चिकटतही नाही, हे कशामुळे?

माझ्या मते याचं सगळ्यात भक्कम उत्तर मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. मूल फक्त ऐकत नाही, बोलणाऱ्याला पारखतही असतं. नुसतं बोलायला काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून सांगणारा स्वतः काय सोसतो, कशावर पाणी सोडतो, याकडे त्याचं लक्ष असतं. दमून आलेली आई तरीही प्रार्थनेला बसते. खोटं बोललं तर फायदा होणार असतो, तरी वडील बोलत नाहीत आणि त्याचं कारण श्रद्धा असल्याचं सांगतात. हाताशी फारसं नसतानाही घरातून दान जातं. या गोष्टी मुलाला पटतात, कारण न मानणारा माणूस त्या करणार नाही. जोनाथन लॅनमन आणि मायकेल बुर्मेस्टर यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांची याच अंगाने पाहणी केली. लहानपणी पालकांची अशी कृती जास्त पाहिलेल्या लोकांमध्ये मोठेपणी देव मानण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

नेमकं कुठे बिघडतं तेही यावरून कळतं. मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गाला सोडून स्वतः घरी परतणारे पालक त्याला एकच गोष्ट शिकवतात: हे लहानांसाठी असतं, मोठं झालं की सुटतं. मूल ते अचूक उचलतं आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी स्वतःही सुटतं. दुसरी चूक याहून वाईट. मुलाने ऐकावं म्हणून देवाला धाकासाठी वापरणं. 'देव बघतोय, शिक्षा करेल' हे वाक्य भांडणाच्या, सांडलवंडीच्या, अभ्यासाच्या वेळी येत राहिलं की त्या मुलाचा देव घरातल्या रागाचा हस्तक होतो. पुढे घरातला राग मागे पडला की देवही मागे पडतो, नाहीतर धाक तेवढा उरतो आणि देव निघून जातो.

या धाकाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मोठेपणी सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. विश्वास आणि भीती वेगवेगळ्या मार्गांनी शिकल्या जातात. विश्वास वाचनाने, विचाराने, अनुभवाने बदलतो. शरीरात बसलेली भीती युक्तिवादाने जात नाही. म्हणूनच नरक वगैरे काही नसतं अशी खात्री झालेला माणूसही एखादा नियम मोडताना घामाघूम होतो आणि मग त्याला वाटतं की आपण आतून अजून मानतो. तसं असेलच असं नाही. भीती ओसरते ती जुनी शिकवण पुसली जाऊन नव्हे. नियम मोडला आणि काहीच घडलं नाही, हा नवा अनुभव पुरेशा वेळा तिच्यावर चढतो तेव्हा ती ओसरते. ताणाच्या काळात, आजारपणात, मृत्यूच्या सावटाखाली ती परत डोकं वर काढते, तेही याच कारणाने. ही भीती घालवायची असेल तर सोप्या नियमापासून सुरुवात करून एकेक पायरी चढावी, एकदम सगळं झुगारू नये. पण पापाचे विचार दिवसाचे तास खात असतील, तीच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती सक्तीने करायला लावणाऱ्या मानसिक आजाराचा, हा ओळखीचा प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता मायेविषयी. व्हर्न बेंग्ट्सन यांनी १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्या पाठपुरावा सुरू केला आणि तो काही दशकं चालला. पालकांचं मुलांशी नातं उबदार असेल तर श्रद्धा पुढे जाते, पालक कितीही निष्ठावान असले तरी नातं कोरडं असेल तर ती अडते, हे त्यातून पुढे आलं. वडिलांशी असलेली जवळीक त्यात विशेष महत्त्वाची ठरली. आजी-आजोबांचा वाटाही लोक समजतात त्याहून मोठा निघाला. आणि हे नास्तिक घरांनाही लागू आहे: प्रेमळ नास्तिक पालकांची मुलंही त्यांच्याच वाटेने जातात.

याची उलटी बाजू ली कर्कपॅट्रिक आणि फिलिप शेव्हर यांनी १९९० मध्ये दाखवली. आईशी नातं दुरावलेलं, अशा लोकांमध्ये पुढे अचानक धर्माकडे वळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. घरात न मिळालेला आधार ते देवात शोधतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. स्वीडनमध्ये पेअर ग्रांक्विस्ट यांनी हे काम पुढे नेलं. सुरक्षित घरातून आलेल्यांची श्रद्धा हळूहळू वाढते आणि पालकांसारखी असते. असुरक्षित घरातून आलेल्यांची झटक्यात येते, बहुधा एखाद्या संकटात, आणि तशीच ओसरूही शकते. कुणाची श्रद्धा खरी आणि कुणाची खोटी हे यावरून ठरत नाही, ती कोणत्या गरजेपोटी आली एवढंच कळतं.

वयाचा भाग थोडक्यात. तीन ते सहा वर्षांचं मूल सांगितलेलं जवळपास शब्दशः घेतं. न दिसणारे जंतू आणि न दिसणारा देव, दोन्ही ते मोठ्यांच्या भरवशावर मानतं. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांना मात्र जंतूंबद्दल मुलं किंचित जास्त ठाम आढळली. त्यांनी सुचवलेलं एक कारण असं: जंतू आहेतच हे धरून मोठे वागतात, 'मी जंतूंवर विश्वास ठेवतो' असं कुणी म्हणत नाही. अकरा-बारानंतर अमूर्त विचार जमायला लागतो आणि खरे प्रश्न सुरू होतात. त्या वेळी प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा ठरवला तर मूल विचारणं थांबवतं, विचार करणं नाही.

सगळं श्रेय किंवा सगळा दोष संगोपनाला देणंही चूक. लॉरा कोनिग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मिनेसोटातल्या प्रौढ जुळ्या भावांच्या आठवणी आणि आजची धार्मिकता तपासली. किशोरवयातल्या धार्मिकतेतल्या फरकांपैकी ५६ टक्के सामायिक घराशी जोडलेले होते आणि १२ टक्के आनुवंशिकतेशी. प्रौढपणी घराचा वाटा १८ टक्क्यांवर आला, आनुवंशिकतेचा ४४ वर गेला. घर सुटलं की स्वभाव डोकं वर काढतो. कोणत्या धर्माचं नाव लावायचं हे मात्र बहुतांशी घरच ठरवतं. किती उत्कटतेने जगायचं, त्यात स्वभाव येतो.

स्वतःची श्रद्धा कुठून आली हे तपासायचं असेल तर कागदावर चार रकाने पाडा: मी काय खरं मानतो, मी काय करतो, मी कुणाचा आहे, मी कशाला घाबरतो. प्रत्येक नोंदीपुढे लिहा की हे प्रथम कुणाला करताना पाहिलं, साधारण कोणत्या वयात, आणि आज सोडलं तर काय गमवावं लागेल. लोक हे चारही एकच समजतात आणि तिथेच फसतात. एखाद्याला मतं पटत नसतात पण माणसं सोडवत नाहीत. दुसऱ्याला मतं पटतात, पण वर्षानुवर्षं हातून काही घडलेलं नसतं. दोघांचे प्रश्न अगदी वेगळे आहेत. आठवणींवर एकट्याने विसंबू नका. आजची मतं जुन्या आठवणींना रंग देतात, म्हणून भावंडांना विचारा. त्यांचं उत्तर वेगळं येईल, कारण थोरल्याला मिळालेले आई-वडील आणि धाकट्याला मिळालेले आई-वडील वयाने, कडकपणाने, कधी कधी श्रद्धेनेही वेगळे असतात.

पालक असाल तर हा विषय बहुधा घरातल्या एखाद्या मृत्यूच्या वेळी समोर येतो, आणि 'आजी कुठे गेली?' या प्रश्नाची तयारी कुणाचीच नसते. लहान मुलाला आधी शरीराचं सांगा: तिचं हृदय थांबलं, आता तिला दुखत नाही, ती परत येणार नाही. 'झोपली' म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. 'देवाने नेलं' एवढंच म्हणू नका, पुढचा नंबर कुणाचा याची धास्ती बसते. मग तुमची श्रद्धा तुमची म्हणून सांगा: 'मला असं वाटतं.' जोडीदाराला वेगळं वाटत असेल तर तेही त्याच दमात सांगा आणि मूल त्यावर जे काही विचारेल ते ऐकायला बसून राहा.