डिरेक्टरीला आपण काय विचारतो

गुरुवार, ऐरोली

कर्मचारी शोधण्याचे आमचे पान अतिशय मंद चालते, ही तक्रार बरेच दिवस येत होती. हे पान मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे कंपनीतली माणसे, संगणक आणि गट यांच्या मध्यवर्ती नोंदवहीला, प्रश्न विचारते; ती सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. आज दुपारनंतर हातातली इतर कामे बाजूला ठेवून मी तेवढेच पाहिले. ‘मॅडम, डोमेन कंट्रोलरच स्लो आहे, इन्फ्राकडे तिकीट टाकू का?’ असे टीममधल्या नव्या मुलीने विचारले. तिला तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण कोडमध्ये शोध घेणारी ओळ एकच दिसत होती. परंतु त्याच कंट्रोलरवर सर्वांचे लॉगिन सुरळीत चालू होते, म्हणून इन्फ्राला, म्हणजे सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमला, तिकीट टाकण्याआधी प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो हे मोजून पाहू, असे मी तिला सांगितले.

मोजल्यावर दिसले की बहुतेक वेळ शोधाच्या ओळीत जात नव्हता, तर त्यानंतरच्या लूपमध्ये जात होता. डॉटनेटच्या ‘डिरेक्टरीसर्चर’ या शोध घेणाऱ्या क्लासने दिलेल्या प्रत्येक निकालावर ‘गेटडिरेक्टरीएंट्री’ हे फंक्शन बोलावून विभाग आणि वरिष्ठाचे नाव वाचले जात होते. असे केले की त्या नोंदीसाठी सर्व्हरकडे पुन्हा फेरी होते आणि दोन ॲट्रिब्यूट, म्हणजे नोंदीतले रकाने, हवे असताना तिचे सगळे ॲट्रिब्यूट ओढून आणले जातात. म्हणजे जितके निकाल, तितक्या जादा फेऱ्या. हवे असलेले ॲट्रिब्यूट ‘प्रॉपर्टीजटूलोड’ या यादीत आधीच सांगून ते निकालातूनच वाचले, तर या फेऱ्या उरत नाहीत. वरिष्ठाचे नाव मात्र तेवढ्याने मिळत नाही, कारण ‘मॅनेजर’ या ॲट्रिब्यूटमध्ये त्या व्यक्तीच्या नोंदीचा पूर्ण पत्ता असतो. पण अनेकांचा वरिष्ठ एकच असल्यामुळे ती नावे एकदा आणून मेमरीत ठेवणे पुरेसे झाले.

फिल्टरचा, म्हणजे शोधाच्या अटीचा, दोष अधिक खोल होता. नावाच्या दोन्ही बाजूंना तारांकन, म्हणजे ‘येथे काहीही चालेल’ अशी खूण, लावले होते. आडनावाच्या क्रमाने लावलेल्या मतदार यादीत ‘शेवटी कर असलेली आडनावे’ शोधायला सांगितली, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याखेरीज उपाय नसतो. सुरुवातीला तारांकन असले की साध्या इंडेक्सची, म्हणजे क्रमवार सूचीची, तीच गत होते. कंट्रोलरवर ‘फील्ड इंजिनिअरिंग’ या निदानाच्या लॉगची पातळी पाचवर नेली, की असे शोध इव्हेंट लॉगमध्ये क्रमांक १६४४ खाली दिसतात आणि किती नोंदी तपासल्या व किती परत दिल्या हे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. मूळ मर्यादांनुसार १०,००० हून अधिक नोंदी तपासणारा शोध महागडा ठरतो. हे दोन आकडे पाहिल्याशिवाय सर्व्हरला दोष देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आता तारांकनाच्या जागी ‘एएनआर’ हा नावे शोधण्याचा तयार फिल्टर वापरला आहे, जो नाव, आडनाव, लॉगिन नाव अशा इंडेक्स असलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये सुरुवातीपासून जुळणी करतो. ‘ऑब्जेक्टक्लास=युजर’ एवढ्यावर संगणकांच्या नोंदीही येतात, म्हणून ‘ऑब्जेक्टकॅटेगरी=पर्सन’ ही अट जोडली; आणि निकाल १,००० वर तुटू नयेत म्हणून ‘पेजसाइज’ देऊन ते टप्प्याटप्प्याने मागवले.

मग हे सगळे आमच्या मशीनवर इतके दिवस खटकले कसे नाही? ॲप्लिकेशनचा सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये नव्या सबनेटवर, म्हणजे नेटवर्कच्या नव्या पट्ट्यावर, गेला आहे, आणि तो सबनेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या कोणत्याही साइटला, म्हणजे तिच्यात नोंदवलेल्या ठिकाणाला, जोडलेलाच नाही. अशा वेळी जवळचा कंट्रोलर मिळेल याची खात्री नसते. ‘एनएलटेस्ट’ ही कमांड चालवून पाहिले, तर ॲप्लिकेशनचा सर्व्हर परराज्यातल्या कंट्रोलरशी बोलत होता. ऐरोलीच्या ऑफिसात कंट्रोलर जवळचा असल्यामुळे शेकडो फेऱ्याही जाणवत नव्हत्या, लांबच्या कंट्रोलरपर्यंत मात्र त्यांची बेरीज वापरणाऱ्याला सोसावी लागत होती. इन्फ्राकडे तिकीट गेले ते अखेर या सबनेटसाठी, सोबत मोजलेल्या वेळा जोडून.

गटसदस्यत्वाची तपासणी अजून बाकी आहे. तेथे गटातले गट उलगडण्यासाठी १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ या क्रमांकाचा जुळणीचा नियम संपूर्ण डोमेनवर चालवला जातो, आणि मोठ्या डोमेनमध्ये तो फार जड पडतो. एकाच व्यक्तीचे सुरक्षा गट हवे असतील, तर तिच्याच नोंदीवर बेस स्कोपने, म्हणजे फक्त त्या एका नोंदीपुरता शोध घेऊन, ‘टोकनग्रुप्स’ हे ॲट्रिब्यूट वाचता येते. उद्या तो बदल त्या मुलीनेच करावा आणि आधीच्या व नंतरच्या वेळा मोजाव्यात, असे आमचे ठरले आहे.