शाळेच्या सभागृहातले उद्याचे जग

दरवर्षी फेब्रुवारीच्या २७ आणि २८ तारखेला आमचे विज्ञान मंडळ पंचवटीतील शाळेच्या सभागृहात दोन दिवसांची परिषद भरवते. नवे तंत्रज्ञान आणि माणसाचे भवितव्य हा तिचा विषय पहिल्या वर्षापासून ठरलेला आहे. तारखाही विचारपूर्वक निवडलेल्या आहेत. २७ ला कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन, कारण १९२८ मध्ये त्याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला होता. कुसुमाग्रजांच्या नाशिकमध्ये विज्ञानाची चर्चा मराठीतच झाली पाहिजे, हा मंडळाचे संस्थापक असलेल्या आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांचा आग्रह होता आणि मी कार्यवाह असताना तो एकदाही मोडू दिला नाही, याचे मला समाधान आहे.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि शाल-श्रीफळ यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. माझे लक्ष लागलेले असायचे ते त्यानंतरच्या सरांच्या बीजभाषणाकडे. दरवर्षी ते जगातल्या एखाद्या अशाच परिषदेची हकिगत सांगत. पगवॉश हे कॅनडातले एक लहानसे खेडे; तिथे १९५७ मध्ये २२ शास्त्रज्ञ अण्वस्त्रांच्या धोक्याचा विचार करायला जमले आणि त्या खेड्याचे नाव पुढे साऱ्या चळवळीला मिळाले, हे सांगताना ते आमच्या सभागृहावरून अशी नजर फिरवत की, गळक्या पन्हाळीखाली बसलेल्या आम्हांला आपण लहान आहोत असे वाटेनासे होई. त्या चळवळीतले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करत होते. जर्मनी असा बाँब करत नसल्याचे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस ते तिथून बाहेर पडले आणि १९९५ मध्ये पगवॉशबरोबर त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या ठिकाणी सरांचा आवाज दरवेळी भरून येई आणि ते पाण्याचा पेला हातात घेऊन क्षणभर थांबत.

दुसरी त्यांची आवडती हकिगत कॅलिफोर्नियातल्या असिलोमारची. ती परिषद १९७५ च्या फेब्रुवारीत २७ तारखेलाच संपली, हा योगायोग त्यांना फार प्रिय होता. एका जीवाचे डीएनए दुसऱ्या जीवात जोडण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच हाती आले होते. त्या तंत्रावर काम करणारे शास्त्रज्ञ पॉल बर्ग यांनी स्वतःचाच एक नियोजित प्रयोग थांबवला, सहकाऱ्यांसह इतरांनाही थांबण्याचे आवाहन केले आणि मग सर्वांनी एकत्र बसून सुरक्षिततेचे नियम ठरवले. ज्याचा हात कामात आहे, त्यानेच त्या कामाविषयी आधी बोलले पाहिजे, असे सर म्हणत. म्हणूनच आमच्या परिषदेत दुसऱ्या दिवशीचे शेवटचे भाषण कोणा विद्वानाचे नसते. ज्याच्या रोजच्या कामात यंत्र शिरले आहे अशा माणसाचे असते. मला दरवर्षी हलवून सोडते ते हेच भाषण.

आणि नेमके तेच ऐकायला माणसे नसतात, हे माझे जुने दुखणे आहे. उद्घाटनाला दीडशे खुर्च्या भरतात, प्रमुख पाहुणे निघाले की त्यांच्यामागून निम्मे सभागृह निघते आणि दुसऱ्या दिवशीच्या चहानंतर तीस-पस्तीस श्रोते उरतात. बोर्डाच्या परीक्षांचे दिवस असल्यामुळे शिक्षकांची अडचण मी समजू शकते. मात्र एका वर्षी एका महाविद्यालयाने साठ विद्यार्थी पाठवण्याचे लेखी कळवले, आम्ही साठ जणांचा नाश्ता करवून घेतला आणि एकही मुलगा आला नाही, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेले नाही. ज्या मुलांचे आयुष्य या यंत्रांबरोबर जायचे आहे, त्यांनीच ही भाषणे ऐकायला हवी होती.

एका वर्षी दिंडोरी तालुक्यातल्या एक द्राक्ष बागायतदार ताई बोलल्या. त्यांच्या बागेत हवेतली आर्द्रता, तापमान आणि पानांवरचा ओलावा मोजणारे यंत्र बसवलेले आहे. त्यावरून डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगाचा धोका किती, हे मोबाइलवर कळते. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली, शिवारातल्या सगळ्या बागांत फवारणी सुरू झाली आणि मोबाइल मात्र गरज नसल्याचे सांगत राहिला. त्या रात्री त्या टॉर्च घेऊन बागेत गेल्या आणि पाने उलटून पाहत राहिल्या. फवारणी केली नाही आणि बाग वाचली. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. अंदाज चुकला असता तर सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर राहिले असते? यंत्र सल्ला देते, जोखीम माझी राहते, एवढे सांगून त्या खाली बसल्या. त्यावर झालेली चर्चा सभागृह बंद करायची वेळ टळून गेली तरी चालू होती.

२०२४ ची परिषद मात्र माझ्या मनात सर्वांत वर आहे. आदल्या वर्षी मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेतले अग्रणी संशोधक जेफ्री हिंटन आपल्याच क्षेत्रातल्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गुगलमधून बाहेर पडले होते आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क येथे २८ देश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर चर्चा करायला जमले होते. सरांनी बीजभाषणात हे सर्व सांगितले. शेवटच्या भाषणाला आम्ही रविवार कारंज्याजवळच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातले वृद्ध जुळारी काका, म्हणजे छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, बोलावले होते. खिळे उलटे असतात आणि ते सुलटे वाचण्याची सवय डोळ्यांना लावावी लागते, जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवण्याच्या पेटीत, शेकडो घरे असतात आणि अंधारातही हात नेमक्या घरात जातो, हे त्यांनी सावकाश सांगितले. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यावर मालकाने सारे शिसे वजनावर मोडीत काढले.

मग ते म्हणाले, “काम गेल्याचे दुःख सांगायला मी आलो नाही. तुमचा मजकूर अक्षर अक्षर करून माझ्या बोटांतून जात होता. एखादा शब्द चुकीचा वाटला, की मी प्रूफ घेऊन लेखकाच्या घरी जायचो. आता यंत्रच लिहिणार आणि यंत्रच छापणार, तर मधे थांबून विचारणारा कोण?” खिशातून त्यांनी जपून ठेवलेला ‘ज्ञ’चा खिळा काढला, शाळेच्या शिक्क्याच्या पॅडवर टेकवला आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या तळहातावर उमटवला. सर उठून उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही सगळेच उभे राहिलो. आम्ही फक्त एकतीस जण होतो. मी मोजले होते.

या सर्वांमागे जे राबतात त्यांचा उल्लेख राहू नये म्हणून मी यादी तीनदा तपासली आहे. सभागृह विनामूल्य देणाऱ्या मुख्याध्यापिका बाई. पहाटे कुलूप उघडून झाडलोट करणारे शिपाई मामा. फलक लिहिणारे चित्रकलेचे सर. प्रोजेक्टर सांभाळणारे प्रयोगशाळा सहायक. निम्म्या भाड्यात ध्वनिक्षेपक लावणारा मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ. पोहे आणि चहा करणाऱ्या बचत गटाच्या काकू. खुर्च्यांचे पैसे सावकाश घेणारे मंडपवाले. पाहुण्यांना नाशिकरोड स्टेशनवरून आणणारे रिक्षावाले दादा. पाहुण्यांना घरी उतरवून घेणारे डॉक्टर दांपत्य. रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या नववीच्या मुली. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या भाऊंचे ऋण गेल्या अहवालात नोंदवायचे राहिले, याची मला खंत आहे. भाषणे सुरू असेपर्यंत ते दोन्ही दिवस गिरणी बंद ठेवतात आणि दळणाचे डबे तसेच रांगेत थांबतात.

जुळारी काकांचे भाषण नववीतल्या एका मुलीने वहीत उतरवून घेतले होते. मधे वीज गेली, तेवढा सुमारे पाऊण पानाचा भाग तिच्याकडून सुटला, आणि ध्वनिमुद्रणही तिथेच तुटले आहे. त्या दिवशीच्या एकतीस जणांपैकी कोणाकडे त्या भागाची टिपणे असतील, तर ती शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत. काका अजून आहेत आणि त्यांना वाचून दाखवून ती पुरी करून घेता येतील.