सतरा किलो आठशे

माझी धाकटी बहीण नागपूरला असते. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे पुण्यात झालं. या वेळी थोरल्याची बालवाडी बुडवायची नाही म्हणून तिने यायचं नाही, आईनेच तिकडे जायचं असं ठरलं. आई ६८ वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघ्यांनी त्रासलेली आहे. ऑगस्ट २०२५पासून पुण्याहून नागपूरच्या अजनी स्टेशनपर्यंत वंदे भारत सुरू झाली हे खरं, पण तिलाही बारा तास लागतात आणि इतका वेळ आईला एका जागी बसवत नाही. म्हणून विमान. तिच्या आयुष्यातला हा दुसरा विमानप्रवास, आणि एकटीने पहिलाच.

मी एका पतसंस्थेत हिशेबाला आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे कर्जदार आला की प्रोसेसिंग फी किती, शेअर्सपोटी किती कापणार, स्टॅम्पला किती आणि हातात किती पडणार, हे सगळं आधी कागदावर मांडून दाखवतो. माणूस तो कागद घरी नेतो, बायकोला दाखवतो, मग सही करतो. या सवयीमुळे असेल, त्या तिकिटाने मला जास्त अस्वस्थ केलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. यादीत भाडं दिसत होतं ३,२४८ रुपये. पुढच्या पानावर सीट आली. आईला पाय लांब करता यावा म्हणून पुढच्या रांगेतली कडेची सीट घेतली, ४५० रुपये. ते पैसे मी खुशीने दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण सीट न निवडताही पुढे जाता येतं आणि शेवटी कुठली ना कुठली सीट मिळतेच, हे सांगणारी ओळ खालच्या कोपऱ्यात फिक्या अक्षरांत होती. मला ती दुसऱ्या दिवशी दिसली. त्यानंतर प्रवास विमा, २४९ रुपये, आधीच टिक करून ठेवलेला. ती काढली तर समोर वाक्य आलं: ‘नाही, मी जोखीम पत्करतो.’ ६८ वर्षांच्या आईचं तिकीट काढणाऱ्या मुलाला असं वाक्य दाबायला लावायचं, याचा मला मनापासून राग आला. शेवटच्या पानावर सुविधा शुल्क ३९९. पैसे भरण्यासाठी दुसरा मार्गच ठेवलेला नसताना त्याला सुविधा का म्हणायचं, हे मला अजून समजलेलं नाही. विमा काढून टाकल्यावर एकूण ४,०९७ रुपये झाले.

या प्रकाराला कायद्याने नाव दिलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात असे १३ प्रकार मोजून सांगितले. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आहे, आणि नाही म्हणणाऱ्याला अपराधी वाटेल अशी भाषा वापरणंही आहे. या शेवटच्या प्रकाराचं उदाहरण म्हणून विमानाच्या तिकिटावरचा विमाच दिलेला आहे. म्हणजे हे चूक आहे हे सरकारला ठाऊक आहे. तरी ते माझ्या मोबाइलवर होतंच.

आता बॅगेचं सांगतो.

देशातल्या प्रवासात आईच्या तिकिटावर मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो चालते. निघायच्या दोन दिवस आधी मी बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो आणि वजाबाकी केली. पंधराच्या आत होती. बॅगेत मऊ लुगड्यांच्या दोन गोधड्या, दुपटी, झबली, बाळंतशेप, ओवा, खारीक-बदामाची पूड आणि आईचे कपडे. आदल्या रात्री मी झोपल्यावर आईने त्यात डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आणि घरी कढवलेल्या तुपाची बरणी ठेवली. तूप हातातल्या बॅगेत चालत नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. त्यामुळे ती बरणी मोठ्या बॅगेत गेली आणि तिच्याबरोबर डबाही गेला. वजनात चूक आमची होती, हे आधीच कबूल करतो.

विमानतळावर सोडायला गेलेल्या माणसाला आत जाता येत नाही. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तिचे पैसे घेत नाहीत आणि ती ढकलणारा मुलगा फार चांगला होता. आईला ‘आजी’ म्हणत आत घेऊन गेला. मी काचेबाहेर उभा राहिलो. काउंटर तिथून दिसत नव्हता.

आत जे झालं ते आईने रात्री फोनवर सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. काट्यावर १७.८ आकडा आला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, तीन किलो जास्त, किलोला सहाशे, अठराशे रुपये. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, ‘चला ना लवकर.’ आईने मला फोन लावायला पर्स उघडली आणि मागचे लोक बघून तो न लावताच पैसे काढले. त्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेले दोन हजार होते, बाळाच्या हातावर ठेवायला वेगळे काढलेले. त्यातले अठराशे दिले. उरलेली दोनशेची नोट तिने परत त्याच रुमालात गुंडाळली.

आईच्या हातात फक्त पर्स आणि एक कापडी पिशवी होती. दोन्ही मिळून तीन किलोसुद्धा नसतील. म्हणजे चार किलोची जागा रिकामी होती. लाडवांचा डबा आणि एक गोधडी पिशवीत घातली असती तर एक रुपयाही द्यावा लागला नसता. ‘आजी, एवढा डबा हातात घ्या’ इतकंच कुणी म्हणायला हवं होतं. त्या मुलीवर माझा राग नाही. तिने नियमाप्रमाणे पैसे मागितले, पावती दिली, उद्धटपणाही केला नाही. पण पैसे घेण्याचा नियम तिला पाठ करून दिलेला असतो आणि वाचवण्याचा कुणी शिकवलेला नसतो.

त्यानंतर मी ओळखीच्या बऱ्याच जणांशी या विषयावर बोललो. माझा पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो, महिन्यातून दोनदा बंगळुरूला जातो. तो या कंपन्यांवर खूश आहे. पाठीवर एक सॅक, सीट कुठलीही चालते, खाणं बाहेर खाऊन जातो. त्याचं म्हणणं, ‘काका, मी बॅग नेत नाही तर दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे माझ्या तिकिटात कशाला?’ हे म्हणणं मला पटतं. सीट, खाणं, जादा सामान यांचे पैसे वेगळे घ्यायला विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१३मध्ये परवानगी दिली, तिच्यामागे हाच विचार होता. २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली नसती, तर माझी आई विमानात बसलीच नसती, हेही मी विसरत नाही.

सोसायटीतल्या काकांचा अनुभव वेगळा. कोविडच्या काळात वेब चेक-इन, म्हणजे घरूनच मोबाइलवर बोर्डिंग पास काढणं, जमलं नाही म्हणून त्यांच्याकडून काउंटरवर बोर्डिंग पासचे २०० रुपये घेतले होते. जुलै २०२२मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे पैसे घेता येणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं. काकांना ते माझ्याकडून आता कळलं. तीन वर्षं ते मुलाला आदल्या रात्री जागवून वेब चेक-इन करून घेत होते, दोनशे रुपयांच्या धाकाने.

पुतण्या आणि काका, एकाच विमानाचे प्रवासी. पुतण्याला सगळ्या फटी माहीत आहेत, त्यामुळे तो जवळपास छापलेल्या भाड्यात जाऊन येतो. वर्षातून एकदा, कधी आयुष्यात दोनदाच जाणारा जो आहे, ज्याच्या बॅगेत लाडू असतात, ज्याला मोबाइलवरचं इंग्रजी भरभर वाचता येत नाही, तो वरचे सगळे पैसे भरतो. पुतण्याचं स्वस्त तिकीट थोडंसं माझ्या आईच्या रुमालातून निघतं. मला हे डाचतं. पैसे घ्या, पण माणसाला ते समजतील अशा जागी, समजतील अशा भाषेत, पहिल्याच पानावर सांगा. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाच्या तिकिटाचं पान मराठीत का असू नये?

परतीचं तिकीटही काढून ठेवलं होतं, २,९६० रुपयांचं. बाळ आठ दिवस उशिरा आलं, आईचा मुक्काम वाढला. तारीख बदलायचं शुल्क आणि भाड्यातला फरक धरला तर नवीन तिकीट स्वस्त पडत होतं, म्हणून रद्द केलं. पडद्यावर आलं, परतावा शून्य. इथे मात्र मी बसून नियम वाचला. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. कर आणि विमानतळाची शुल्कं ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही परत द्यावी लागतात, आणि परताव्याचं काम करण्याबद्दल वेगळे पैसे घेता येत नाहीत. सुरक्षा शुल्कच प्रवाशामागे २०० रुपये असतं, वर विमानतळ विकासाचं वेगळं. मी कंपनीला चार ओळींचा मेल पाठवला, नियमाचा उल्लेख केला, तिकिटाची फोड जोडली. उत्तर आलं नाही. मग विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठी सरकारचं ‘एअरसेवा’ पोर्टल आहे, त्यावर तक्रार टाकली. नवव्या दिवशी ५६८ रुपये खात्यात जमा झाले, सोबत एक अवाक्षर नाही. रक्कम लहान आहे. पण अशी किती तिकिटं रोज रद्द होत असतील आणि त्यातले किती जण मेल पाठवत असतील, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

आई दीड महिन्याने परत आली. बहिणीच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने त्याच्या काट्यावर बॅग मोजून दिली होती, १४ किलो ६००. संत्रा बर्फीची खोकी कापडी पिशवीत. मी तिच्या पर्समध्ये दोन हजार परत ठेवले, तर म्हणाली, बाळाचे आहेत, नागपूरला पाठव. पाठवले.

तिच्या बॅगेच्या झाकणाला आतून मी एक कागद चिकटवला आहे, मोठ्या अक्षरांत: मोठी बॅग १५, हातातली ७, तूप-लोणचं मोठ्या बॅगेत, काउंटरवर जास्त भरलं तर आधी मला फोन, रांग थांबेल. परवा बघितलं तर खाली आईने पेनने एक ओळ वाढवली होती: ‘लाडू हातात.’