२५६ जीबीतला संसार

माझ्या लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या साठवणुकीच्या डिस्कवर, २५६ जीबी असे छापलेले आहे आणि विंडोज तीच जागा २३८ जीबी असल्याचे सांगते. यात फसवणूक नाही; डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. पण मुळात बेताच्याच असलेल्या या जागेत घरचे फोटो आणि आईच्या आवाजातील ओव्यांची ध्वनिमुद्रणे मिळून ९४ जीबी अडकले होते.

बाह्य हार्ड डिस्क घरात होतीच. अडचण अशी, की फोटोंची वर्गवारी सांभाळणारा माझा प्रोग्रॅम प्रत्येक फोटो जुन्याच पत्त्यावर शोधतो आणि हजारो फोटोंचे पत्ते नव्याने भरण्याची माझी तयारी नव्हती. जुन्या जागी शॉर्टकट ठेवून पाहिला, तो कामाचा नाही. शॉर्टकट ही स्वतःच एक छोटी फाइल असते. एक्सप्लोररमध्ये तिच्यावर क्लिक केले तर मूळ फोल्डर उघडतो, पण इतर बहुतेक प्रोग्रॅमांच्या लेखी तो फोल्डरच नसतो. उलट, एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममधील, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेतील, जंक्शन हा दुवा त्या व्यवस्थेच्याच पातळीवर काम करतो. प्रोग्रॅम 'सी' ड्राइव्हवरचा जुना पत्ता विचारतो, विंडोज परस्पर बाह्य डिस्कवरील फाइल काढून देते आणि प्रोग्रॅमला या अदलाबदलीचा पत्ताही लागत नाही.

आधी फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर केली, फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहिला, मूळ फोल्डरचे नाव बदलले आणि मगच कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'एमकेलिंक' ही दुवा बनवणारी आज्ञा 'जे' या पर्यायासह दिली. तिच्यात आधी दुव्याचा आणि नंतर खऱ्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधील 'एलएन' या दुवा बनवणाऱ्या आज्ञेत हा क्रम नेमका उलटा असल्यामुळे दोन्हीकडे वावरणाऱ्या माझ्यासारख्याची दर वेळी गफलत होते. सारे नीट उघडते आहे असे पाहून नाव बदललेला फोल्डर पुसला.

दोन आठवड्यांनी एके सकाळी सगळे फोटो 'सापडत नाहीत' असे दिसू लागले. मी आधी पेन ड्राइव्ह लावली होती. तिने तोवर बाह्य डिस्कचे असलेले 'ई' हे ड्राइव्हचे अक्षर घेतले आणि मागून जोडलेली डिस्क 'एफ' झाली, तर दुवे 'ई'कडेच बोट दाखवत राहिले. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते: विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बाह्य डिस्कला 'पी'सारखे सहसा कोणी न घेणारे अक्षर कायमचे द्यावे आणि दुवे त्यानंतरच बनवावेत. त्या संगणकापुरते विंडोज ते अक्षर लक्षात ठेवते.

दुव्यातून आत जाऊन एखादी फाइल पुसली, तर ती बाह्य डिस्कवरूनच जाते, कारण तिथे दुसरी प्रत नसतेच. नुसता दुवा काढायचा असेल तर मी 'आरएमडीआयआर' ही फोल्डर काढण्याची आज्ञा वापरतो. ती दुवा काढते, आतल्या फाइलींना हात लावत नाही.

जागा सुटली खरी, पण ओव्यांची एकुलती एक प्रत आता रोज पिशवीतून फिरणाऱ्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर आली होती. म्हणून त्याच आकाराची दुसरी डिस्क आणली. ती कोणत्याही दुव्याला जोडलेली नाही. महिन्यातून एकदा प्रत उतरवण्यापुरती ती कपाटातून बाहेर येते.